सायन्स फिक्शन गेममधल्या शस्त्रांना नावं ठेवतं कोण?

ताणाबाणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मित्र सोलापुरात बसून एक गेम बनवतोय. पीसीवरचा, एकट्याने खेळायचा नेमबाजीचा गेम. काळ दीडशे वर्षं पुढचा, गाव हेच. उजनीच्या पाण्यावर एका कंपनीचा ताबा आहे, जलवाहिनीवर तिचे हत्यारबंद पहारेकरी आहेत, आणि अक्कलकोट रोडच्या बंद कारखान्यांत राहणारी माणसं हाताला लागेल ते घेऊन त्यांच्याशी लढताहेत. गोष्ट ठरली, नकाशे होत आले. शस्त्रांच्या नावांपाशी मात्र गाडी अडली आहे. यादीत सध्या 'प्लाझ्मा रायफल', 'महाविनाशक' अशी कामचलाऊ नावं आहेत. ती बदलायचीच आहेत.

त्यासाठी गेले काही महिने जुने-नवे गेम फक्त नावांसाठी खेळून पाहिले. त्यातून माझं एक मत बनलंय, ते मांडतो. चांगल्या नावामागे त्या जगातला कुणीतरी नाव ठेवणारा उभा असतो. कारखाना असेल, शिपाई असेल, शत्रू असेल, कामगार असेल. तो दिसला की हत्यार खरं वाटतं. लेखकाने टेबलावर बसून 'काहीतरी भारी' ठेवलेलं नाव लगेच ओळखू येतं.

हेलो घ्या. २००१ च्या पहिल्या भागात माणसांच्या फौजेची रायफल आहे एमए५बी आणि पिस्तूल एम६डी. ही भांडाराच्या रजिस्टरमधली नावं. अमेरिकी लष्कर एम१, एम१६ म्हणतं त्याच वळणाची. आता समोरची परग्रहावरची फौज, कव्हेनंट. त्यांचं गुलाबी सुया सोडणारं हत्यार म्हणजे 'नीडलर'. मालिकेच्या पुढच्या तपशिलात त्याचं रीतसर नाव येतं टाइप-३३. ही 'टाइप'ची शिक्कामोर्तब माणसांच्या फौजेने केलेली आहे. हाती आलेलं शत्रूचं हत्यार नोंदवायला काहीतरी आकडा लागतोच. खऱ्या जगातही हेच चालतं. 'स्कड' हे नाव नाटोने ठेवलेलं. सोव्हिएत नोंदीत ती क्षेपणास्त्रं आर-११ आणि आर-१७ होती.

डेड स्पेस (२००८) मध्ये तर मला नावांचा खजिनाच मिळाला. नायक आयझॅक क्लार्क हा इंजिनिअर, सैनिक नव्हे. खाणकाम करणाऱ्या अवाढव्य जहाजावर तो अडकतो आणि हाताला लागतात ती खाणीची अवजारं. त्याचं पहिलं हत्यार 'प्लाझ्मा कटर'. प्रकाशाचे तीन ठिपके, आडवे किंवा उभे फिरवता येतात, कारण मुळात खडक कोणत्या रेषेत कापायचा हे ठरवायचं असतं. 'लाइन गन'चं पूर्ण नाव 'आयएम-८२२ हँडहेल्ड ओअर कटर'. म्हणजे हातात धरून धातुक कापायचं यंत्र. या नावात कुठेही 'मारणं' नाही. ज्याने ते विकलं त्याला माणसं मारायचीच नव्हती. खेळताना ते नाव वाचलं की आपण कसल्या जागी आहोत आणि किती अडचणीत आहोत, हे आपोआप कळतं.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डूम (१९९३) मधली बीएफजी ९०००. 'बी' म्हणजे मोठी, 'जी' म्हणजे बंदूक आणि मधलं अक्षर शिवीचं. ९००० या आकड्याला काही अर्थ नाही. तरी हे नाव तीस वर्षं टिकलं, कारण ते ऐकल्यावर बराकीतला शिपाई डोळ्यांसमोर येतो. ज्याने पहिल्यांदा ती तोफ चालवली, त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

तर माझा प्रश्न असा की आमच्या जगात नाव ठेवणारे निदान दोन आहेत, कंपनी आणि कारखान्यातली माणसं. त्यांची नावं मराठीत कशी वाजतील? तुम्हाला लक्षात राहिलेली नावं सांगा, आणि ती का लक्षात राहिली तेही सांगा.

---

सात_रस्ता

भावा, झक्कास विषय काढलास. तुझ्या यादीत एक नाव ठेवणारा राहिला बे. वकील.

आपण नवी पेठेतल्या सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक खेळायचो तेव्हा खरेदीच्या मेनूत एके-४७ कुठे लिहिलेलं होतं? 'सीव्ही-४७' होतं. डेझर्ट ईगलला 'नाइट हॉक', फामासला 'क्लॅरियन', गलीलला 'आयडीएफ डिफेंडर'. खऱ्या कंपन्यांची नावं परवान्याशिवाय वापरली तर भानगड होऊ शकते, म्हणून ही नावं. गोल्डनआय (१९९७) मध्येही तेच. वॉल्थर पीपीकेचं 'पीपी७' झालं आणि एके-४७ चं 'केएफ७ सोव्हिएट'. त्याच गेममधल्या 'क्लॉब'चं नाव निन्टेन्डोच्या केन लॉब यांच्या नावावरून आलं. नंतर २०१३ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांशी परवान्याचे करार करणं थांबवत असल्याचं सांगितलं.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. मेनूत काहीही लिहा, कॅफेत कुणी 'सीव्ही-४७' म्हणालं नाही. सगळे एकेच म्हणायचे. 'मॅग्नम स्नायपर रायफल'ला कुणी मॅग्नम म्हणालं नाही, ती 'ऑप', म्हणजे खऱ्या रायफलीचं एडब्ल्यूपी. म्हणजे शेवटचं नाव खेळणारा ठेवतो. तुम्ही कितीही विचार करून ठेवा, पोरं तोडून-मोडून आपलं करणार. तेव्हा तुटल्यावरही चांगलं वाजेल असं नाव ठेव.

---

कंट्रोलर_हातात

सात रस्ता यांना अनुमोदन. त्याला जोडूनच एक.

आमच्या पिढीचं पहिलं सायन्स फिक्शन हत्यार म्हणजे कॉन्ट्रा (१९८७) मधलं 'एस'. टीव्हीला जोडायच्या त्या कॅसेटवाल्या गेममध्ये उडत येणाऱ्या ठोकळ्यावर एकच अक्षर असायचं. एम, एल, एफ, एस. स्प्रेड, लेझर, मशीन गन हे शब्द पडद्यावर मावत नव्हते आणि आम्हाला येतही नव्हते. तरी 'एस घे, एस घे' म्हणून वाड्यातली सगळी पोरं ओरडायची. पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरून जायच्या, तेवढी ओळख पुरेशी होती. जागा नसल्यामुळे ठेवलेलं एकाक्षरी नाव आजही विसरलेलो नाही.

यातून ताणाबाणा यांच्यासाठी एक कसोटी. नाव ओरडून बघा. मित्राला घाईत सांगता येतं का? नाटोने सोव्हिएत विमानांना नावं ठेवताना हे फार विचारपूर्वक केलं होतं. लढाऊ विमान असेल तर 'एफ'ने सुरू होणारं नाव, बॉम्बर असेल तर 'बी'ने, हेलिकॉप्टर असेल तर 'एच'ने. विमान पंख्याचं असेल तर एका उच्चारखंडाचं (सिलेबलचं) नाव, जसं टीयू-९५ म्हणजे 'बेअर'. जेट असेल तर दोन उच्चारखंडांचं, जसं मिग-२१ म्हणजे 'फिशबेड'. रेडिओवर खरखर असली तरी ऐकणाऱ्याला कळावं की येतंय ते काय आहे.

आवाजाचंही तसंच. मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. एक टोकदार आकृती, एक गोलसर आकृती, आणि 'किकी' व 'बूबा' हे दोन निरर्थक शब्द. बहुतेक लोक टोकदार आकृतीला किकी म्हणतात. मूळ कल्पना मानसशास्त्रज्ञ कोलरची, १९२९ ची. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ मध्ये ती नव्याने मांडली. गिअर्स ऑफ वॉर (२००६) मधली 'नॅशर' शॉटगन आणि 'बोल्टॉक' पिस्तूल ऐका. बोल्टॉक हा शब्द कुठल्याच शब्दकोशात नाही, पण जड लोखंडी पिस्तूल खटकन बंद झाल्याचं ऐकू येतं. मराठीत ट, ठ, ख, ड यांच्यासारखी अक्षरं हाताशी असताना 'प्लाझ्मा' कशाला हवंय?

---

बुरूजावरचा

ताणाबाणा, माझं वय साठीच्या पुढे. गेम नातू खेळतो, मी शेजारी बसून बघतो. पण हत्यारांना नावं ठेवण्याचा विषय माझ्या आवडीचा आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही बीएफजीचं लिहिलंत. आपल्यापासून शंभर किलोमीटरवर विजापूरला शेरझा बुरुजावर मुलुखमैदान तोफ आहे. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला नेली. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलाय आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. नाव ठेवणाऱ्याने तोफेचं वजन सांगितलेलं नाही, पल्ला सांगितलेला नाही. समोरच्या फौजेला काय वाटायला हवं ते सांगितलंय. जंजिऱ्याची कलालबांगडी, दौलताबादची मेंढा तोफ, ही सगळी एकेका तोफेची स्वतःची नावं. हजारात एक अशी बनली म्हणून तिला माणसासारखं नाव मिळालं.

महाभारतातही हा भेद स्वच्छ दिसतो. आग्नेयास्त्र, वारुणास्त्र, वायव्यास्त्र ही देवतांवरून पडलेली नावं, एका पद्धतीने ठेवलेली. ज्याला मंत्र येतो तो ते सोडू शकतो. पण गांडीव अर्जुनाचंच. गीतेच्या पहिल्याच अध्यायात शंखांची नावं येतात. कृष्णाचा पाञ्चजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. शंख फुंकला की कोण आला ते कळतं.

तेव्हा आधी हे ठरवा की तुमच्या गेममधलं कोणतं हत्यार घाऊक आहे आणि कोणतं एकुलतं एक. घाऊक हत्याराला गांडीव म्हणाल तर गांडीव स्वस्त होईल.

आणखी एक. आपल्या संरक्षण खात्याने १९८३ च्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात पृथ्वी, अग्नी, आकाश, त्रिशूल, नाग अशी नावं ठेवली. पुढे पिनाक रॉकेट आलं. ब्रह्मोस तर ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांवरून. आणि त्याच देशात रायफलीचं नाव आहे इन्सास, म्हणजे 'इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम'ची आद्याक्षरं. क्षेपणास्त्राला पुराणातलं नाव आणि शिपायाच्या खांद्यावरच्या रायफलीला कचेरीतलं. तुमच्या कंपनीत असे दोन विभाग असायला हरकत नाही.

---

ताणाबाणा

काका, घाऊक आणि एकुलतं एक हा भेद माझ्या ध्यानातच आला नव्हता. याने आमची निम्मी यादी सुटते.

कंपनीच्या नावांबद्दल माझ्या डोक्यात एक दिशा आहे. अमेरिकेच्या एलजीएम-११८ या अण्वस्त्र वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्राचं नाव होतं 'पीसकीपर'. शांतता राखणारं! त्याआधी १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला 'पीसमेकर' म्हणत. एपेक्स लेजंड्स (२०१९) मधल्या शॉटगनलाही पीसकीपर नाव दिलंय. ज्याच्या हातात सत्ता आहे तो हत्याराला हत्यार म्हणत नाही. आमची कंपनीही म्हणणार नाही. ती तिच्या बंदुकीला 'अडथळा निवारण संच, नमुना ७' म्हणेल. बंदुकीच्या दस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत तेवढंच छापलेलं. पाणी बंद करण्याच्या नोटिशीची जी भाषा असते तीच.

सात रस्ता, तुझा मुद्दा इथे बसतो. कारखान्यातली माणसं नमुना ७ ला 'सातवी' म्हणतील. 'तिकडून सातवी वाजली' एवढं पुरे.

---

मग्गम

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू बोलतो, हातमागाला आम्ही मग्गम म्हणतो, म्हणून हे नाव. वडिलांनी आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणल्या. डेड स्पेसबद्दल वाचलं आणि हे लिहायला बसले.

दादा, तुमचं नाव ताणाबाणा आहे म्हणजे तुम्हाला धोटा माहीत असणार. पण वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. धोटा लाकडी असतो, वीतभरापेक्षा लांब, दोन्ही टोकांना पोलादी टोपण. पोटात पोकळी, त्यात सुताची कांडी बसते. यंत्रमागावर तो ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दोन थरांमधल्या फटीतून एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकला जातो आणि परत येतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. एखादा धागा तुटून मध्ये लोंबला किंवा वेळ चुकली की धोटा फटीतून बाहेर उडतो. त्याला 'धोटा उडाला' असंच म्हणतात. उडालेला धोटा माणसाला लागला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून मागाला धोट्यासाठी अडणी लावतात. वडील अजूनही रस्त्यात जोरात 'खट' ऐकलं की मान खाली घालतात.

तुमच्या गेममधल्या माणसांकडे हे सगळं आधीपासून आहे. फेकणारी यंत्रणा आहे, पोलादी टोकाचं लाकूड आहे, आणि नावही आहे. 'धोटा'. त्याला दुसरं काहीही म्हणू नका. आणि बारीक दातांची फणी असते, ताण्याचे धागे वेगळे ठेवणारी. तिचं जवळून मारायचं हत्यार करता येईल, नाव 'फणी'च ठेवा. ज्यांनी ती रोज हाताळली ते लढाई सुरू झाली म्हणून अवजाराचं बारसं पुन्हा करायला बसणार नाहीत.

विनंती एकच. सोलापूरचा कारखाना दाखवताय तर सगळे एकाच मराठीत बोलतात असं दाखवू नका. पूर्व भागात एकाच मागासमोर तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चारही ऐकू येतात. एकाच हत्याराला दोन माणसं दोन नावांनी हाक मारतात हे आमच्याकडे रोजचंच आहे.

---

भौतिकवाली

मग्गम ताई, प्रतिसाद अप्रतिम. धोटा फेकायची यंत्रणा लागते म्हणालात, तिथे माझ्या विषयाचं थोडं.

सायन्स फिक्शनमधली पुष्कळ नावं विज्ञानातून उसनी येतात. रेलगन हे खरं तत्त्व आहे. दोन समांतर रुळांतून प्रचंड विद्युतप्रवाह सोडला की मधला धातूचा तुकडा बाहेर फेकला जातो. क्वेक २ (१९९७) मधल्या रेलगनने हा शब्द गेम खेळणाऱ्यांच्या तोंडी बसवला. खऱ्या रेलगनवर अमेरिकी नौदलाने बरीच वर्षं काम केलं आणि २०२१ मध्ये थांबवलं. गाउस रायफल फॉलआउटमध्ये आहे, स्टारक्राफ्ट (१९९८) मधल्या सैनिकाच्या हातात सी-१४ गाउस रायफल आहे. हे नाव कार्ल फ्रीडरिश गाउस (१७७७–१८५५) या जर्मन गणितज्ञाचं. त्याने बंदूक कधी बनवली नाही. चुंबकत्वातलं त्याचं काम एवढं मोठं की विजेच्या तारांच्या वेटोळ्यांनी गोळी ओढणाऱ्या बंदुकीला त्याचं नाव पडलं. रेड अलर्ट (१९९६) मध्ये टेस्ला कॉइल तर थेट बुरूज म्हणून उभी आहे.

शास्त्रज्ञाचं नाव दिलं की अर्धं काम होतं. पण धोका असा की वाचणारा ते तपासतो. स्टार ट्रेक मालिकेच्या पहिल्या पायलटमध्ये (चाचणी भागात) हातातल्या हत्याराला 'लेझर' म्हटलं होतं. खरा लेझर १९६० मध्ये तयार झालेला होता, तो काय करू शकतो हे लोकांना कळत चाललं होतं. म्हणून मालिकेत 'फेझर' आलं. ओळखीचा वास असलेला, पण कुणाला खोटा पाडता येणार नाही असा शब्द. उलटा प्रवासही झालाय. 'टेझर' हे पोलिसांचं विजेचं हत्यार नाव घेऊन आलं ते १९११ च्या टॉम स्विफ्टच्या इलेक्ट्रिक रायफलच्या गोष्टीवरून. जॅक कव्हर या संशोधकाने त्या शीर्षकाची आद्याक्षरं घेतली. कल्पनेतल्या हत्याराच्या नावाने खरं हत्यार विकलं गेलं!

तुमच्या धोट्यामागे वेटोळी लावा, पण नावात 'गाउस' आणू नका. कारखान्यातली माणसं कुणाचं नाव घेतील? ज्या जॉबरने, म्हणजे माग जुळवणाऱ्या कारागिराने, पहिल्यांदा ते जोडून दिलं, त्याचं.

---

सर्पमित्र_बार्शी

मास इफेक्ट २ (२०१०) मधल्या स्नायपर रायफली आठवा. एम-९२ मँटिस, एम-९७ व्हायपर, एम-९८ विडो. पुढे आकडा, मागे दबा धरून बसणारा प्राणी. आकडा लष्कराचा, प्राणी शिपायाचा. एकाच नावात दोघंही येतात, म्हणून ही पद्धत मला सगळ्यात पक्की वाटते. त्याच गेममधली सगळ्यात जड तोफ मात्र एम-९२० 'केन', बायबलमधल्या पहिल्या खुन्याच्या नावाची.

आपल्याकडे प्राणी घ्यायचे तर सिंह-वाघ सोडा, ते सगळ्यांनी वापरलेत. साप घ्या, पण स्वभाव बघून घ्या. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, झोपलेल्या माणसाला सकाळी त्रास सुरू होतो. आवाज न करणारी लांब पल्ल्याची बंदूक असेल तर तिला मण्यारच म्हणा. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फूत्कारते, जवळ येऊ नको म्हणून आधी सांगते. दाब भरत जाणारं, सुटण्याआधी शीळ घालणारं हत्यार असेल तर घोणस. फुरसं लहान असतं, अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. खिशात मावणारं, खरखर करत चालणारं पिस्तूल म्हणजे फुरसं. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला यातलं एकही नाव समजावून सांगावं लागणार नाही.

बुरूजावरचे काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून एका गोष्टीला माझा विरोध. पुराणातली नावं या गेममध्ये एकुलत्या एका हत्यारालाही नकोत. सुदर्शन, ब्रह्मास्त्र हे शब्द चित्रपटांपासून फटाक्यांच्या खोक्यांपर्यंत सगळीकडे आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात त्या जगाचं चित्र येण्याआधी दुसरीच चित्रं येतात.

---

बुरूजावरचा

विरोध मान्य नाही, पण कारण मान्य आहे. फटाक्यांच्या खोक्याचं तुम्ही बरोबर बोललात. तरी एक सांगतो. दीडशे वर्षांनी सोलापुरात माणसं असतील तर संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरेल, सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतील. तिथला माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तूला देवाचं नाव देणार नाही असं मला वाटत नाही. शिवाजी महाराजांच्या तलवारीला भवानी म्हणायचे ते काही विकण्यासाठी नव्हतं. तेव्हा पुराणातलं नको, पण गावातलं चालेल. कुणाच्या हाती ते आहे आणि तो कुणाला हात जोडतो, हे बघून ठेवा.

---

कंट्रोलर_हातात

काकांच्या या मुद्द्यावर डेस्टिनी (२०१४) आठवला. त्यात घाऊक बंदुका हाके, सुरोस, ओमोलॉन अशा कारखान्यांच्या आहेत. नावावरून आणि घडणीवरून कारखाना ओळखता येतो. पण 'द लास्ट वर्ड' आणि 'थॉर्न' या दोन पिस्तुलांमागे दोन माणसांचं वैर आहे. थॉर्न ड्रेजन योरचं, लास्ट वर्ड शिन माल्फरचं. गोष्ट कळल्यावर ते पिस्तूल हातात घेताना वेगळंच वाटतं. 'गॅलरहॉर्न' हे नॉर्स पुराणातल्या हाइमडालच्या शिंगाचं नाव. ते वाजलं की शेवटचं युद्ध सुरू होणार. रॉकेट लाँचरला हे नाव शोभतं, कारण गेममध्ये तो सुटला की लढाई संपल्यात जमा.

आणि बॉर्डरलँड्स (२००९) विसरू नका. तिथे बंदुका सुटे भाग जुळवून संगणकच तयार करतो, लाखोंच्या घरात. प्रत्येकीचं नाव माणसाने ठेवणं शक्यच नाही. म्हणून नावही जुळवलेलं. कुठला भाग बसलाय त्यावरून नावाच्या पुढचा शब्द बदलतो, मागचा शब्द बंदुकीची जात सांगतो. तरी खेळणारा हरवत नाही, कारण कारखान्यांना स्वभाव दिलेत. जेकब्जची बंदूक जितक्या वेगाने चाप ओढाल तितक्या वेगाने चालते. टॉर्ग म्हणजे स्फोट. दुसऱ्या भागातली टेडिओरची बंदूक रिकामी झाली की फेकून द्यायची, ती फुटते. यंत्राने ठेवलेल्या नावातही नाव ठेवणारा दिसतो, फक्त तो माणूस नसून कारखाना आहे.

ताणाबाणा, तुमच्या गेममध्ये लोक हत्यारं जोडजाड करून बनवत असतील तर हे कामाला येईल.

---

सात_रस्ता

मला एक सुचलंय बे, करून बघ. पहारेकऱ्याची बंदूक उचलली की पडद्यावर येऊ दे 'अडथळा निवारण संच, नमुना ७'. ती घेऊन कारखान्यात परत आलास, कुणाशी तरी बोललास, की पुढच्या वेळी पडद्यावर 'सातवी'. कुठे समजावून सांगायचं नाही. आपण कुणाच्यात राहायला लागलो ते नावावरूनच कळेल. हाफ-लाइफ २ (२००४) मध्ये याचं बीज आहे. ग्रॅव्हिटी गनचं रीतसर नाव 'झीरो पॉइंट एनर्जी फील्ड मॅनिप्युलेटर', आणि खेळणाऱ्यांच्या तोंडी राहिली ग्रॅव्हिटी गन.

---

ताणाबाणा

हे करतोय. आजच मित्रांशी बोललो, लेबल बदलण्याचं काम फारसं अवघड नाही. मग्गम ताईंच्या सांगण्यावरून पुढे जाऊन असंही ठरलं की कोणाशी बोललात त्यावर नाव ठरेल. तेलुगू बोलणाऱ्या आजींकडून हत्यार दुरुस्त करून घेतलं तर त्यांचं नाव, बार्शीकडच्या शेतकऱ्याकडून घेतलं तर त्याचं.

आतापर्यंत पक्की झालेली नावं म्हणजे धोटा, फणी, सातवी, मण्यार. घोणसवर चर्चा चालू आहे, कारण दाब भरायचा आवाज आमच्याकडे अजून नीट झालेला नाही. वेटोळ्यांच्या यंत्रणेला जॉबरचं नाव द्यायची भौतिकवाली यांची सूचना घेतली. तो जॉबर आता गोष्टीतलं पात्र झालाय.

एक अडलंय. आवाजाने माणूस खाली पाडणारं एक मोठं हत्यार आहे, गिरणीच्या चिमणीवर बसवलेलं. आम्ही त्याला 'भोंगा' म्हणतोय. ते कंपनीच्या हातात द्यावं की लोकांच्या?

---

बुरूजावरचा

भोंगा मालकाचा होता, हे पहिलं. कामावर बोलवायला वाजायचा. पण आमच्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर सगळं गाव घड्याळ लावायचं. आई भोंगा झाला की भाकऱ्या टाकायला घ्यायची. तो कुणाचा हे तेव्हाही सांगता आलं नसतं.

---

मग्गम

काका म्हणतात ते खरं. माझं मत, सुरुवातीला कंपनीच्या हातात द्या आणि तिच्या कागदावर त्याला लांबलचक नाव असू द्या. 'ध्वनी सूचना केंद्र' वगैरे. लोक पहिल्या दिवसापासून भोंगाच म्हणतील, आणि ते चिमणीवर चढून ताब्यात घेतील तेव्हा पडद्यावर काहीच बदलू नका. ते एकच हत्यार असं असू दे, ज्याचं नाव आधीपासून त्यांचंच होतं.

---

ताणाबाणा

ठरलं. चिमणीचा टप्पा खेळण्याजोगा झाला की इथेच दुवा देतो. पूर्व भागातल्या आणि बार्शीकडच्या मंडळींनी आधी खेळून बघा, आणि जे नाव तोंडात बसत नाही ते बेधडक कळवा.